पाचव्या कॅसेटची खरखर

सोमवार, ४ मार्च

आलो बुवा एकदाचे! नवं शहर, नवं घर, नवी नोकरी, सगळं एकाच आठवड्यात. टेम्पोवाल्याने कपाटाचा कोपरा फोडला आणि वर माझ्यावरच डाफरला की जिना अरुंद आहे. जिना काय मी बांधलाय? पण आज चिडायचं नाही असं ठरवलंय. चौथा मजला, दोन खोल्या, भरपूर उजेड, नळाला जोर. ताईने सगळ्या भिंतींवरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला आणि घर पास केलं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. साखरेच्या आजाराने तिचे डोळे गेले, तेव्हापासून आम्ही दोघंच एकमेकांना. मला ती अजून बाळ्या म्हणते. बावन्न वर्षांचा बाळ्या! ती काठी घेत नाही आणि हातही धरू देत नाही. मी काय भाजीची पिशवी आहे का, असं विचारते. म्हणून आमची पद्धत अशी की मी पुढे बोलत चालायचं आणि तिने आवाजामागून यायचं. उंबरा आला, उजवीकडे घे, जिना संपला. नवं घर तिला आज असंच फिरवून दाखवलं. माझ्या आवाजामागे चालताना ती आजवर एकदाही पडलेली नाही. आयुष्यात मिरवावं असं माझ्याकडे तेवढंच आहे.

उद्यापासून दुकान. रेकॉर्ड आणि कॅसेट विकणारं दुकान आहे, वरच्या माळ्यावर जुनी रेकॉर्डिंग साफ करायची खोली आहे, आणि साफ करणं हे माझं काम. रेडिओ केंद्रावर सगळी नोकरी तेच केलं. जुनी भाषणं, नाटकं, मुलाखती. त्यातली खरखर, घरघर, लोकांचे खोकले. एका भाषणातून मी डास काढलाय, वक्त्याच्या आवाजाला धक्का न लावता. केंद्र बंद झालं तेव्हा वाटलं होतं, संपलं आपलं. पण नाही संपलं. आज झोप छान लागणार.

मंगळवार, ५ मार्च

मालकीणबाई बुटक्या, चष्मा साखळीला, आणि बोलताना सतत शेंगदाणे खातात. पहिलाच प्रश्न केला की ब्लॅक मेटल म्हणजे काय ठाऊक आहे का. मी म्हटलं, तवा. त्या हसल्या नाहीत. पण मला काही ठाऊक नाही हे ऐकून खूश मात्र झाल्या.

भानगड अशी. हे एका संगीताचं नाव आहे. दुकानात पोरं येतात आणि विचारतात की हे ऐकायचंय, सुरुवात कुठून करू? मग तिथे उभे असलेले जाणकार मोठेपणा मिरवायला त्यांच्या हातात सगळ्यात अवघड अल्बम देतात. पोरगं घरी जातं, पाच मिनिटांत कान धरतं, पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. म्हणून बाईंना नवख्यांसाठी पाच अल्बमचा एक संच काढायचाय. हे पाच ऐकले की तुम्हाला घराचा दरवाजा सापडला, अशी त्यांची भाषा. कॅसेट मी साफ करायच्या, आणि प्रत्येकीबरोबर चार ओळीही मीच लिहायच्या. मी म्हटलं, अहो मला यातलं ओ की ठो कळत नाही. त्या म्हणाल्या की म्हणूनच तुम्ही. जाणकाराने लिहिलेलं नवख्याला कळत नाही.

बोलणं पटलं, पण डोकं उठलं ते उठलंच.

बुधवार, ६ मार्च

कॅसेटचा धनी आज भेटला. हा माणूस दातांचा डॉक्टर आहे. केस कमरेपर्यंत, दवाखान्यात टोपीत कोंबतो म्हणे. आवाज इतका मऊ की दाढ उपटल्याचं कळणारही नाही. कवळ्या ठेवायच्या डब्यातून कॅसेट घेऊन आला आणि पहिलंच वाक्य काय, तर खरखर काढायची नाही.

मी विचारलं, मग मला बोलावलंय कशाला? हवा घालायला? त्यावर त्याने तासभर शिकवणी घेतली. हे संगीत मुद्दाम वाईट रेकॉर्ड करतात. तळघरात, फाटक्या मायक्रोफोनवर. तोंडाला पांढरं-काळं फासून मढ्यासारखे दिसतात. गिटार एकसारखी थरथरत ठेवायची, ढोल इतके जलद की एकेक ठोका वेगळा ऐकूच येऊ नये, आणि गाणारा गात नाही, किंचाळतो. खरखर हा त्याचा अंगरखा आहे, असं म्हणाला. नवख्याने आधी ती खरखर सोसायला शिकावं, मग आतलं आपोआप उघडतं.

घाणीला कला म्हणायचं आणि आम्ही झाडू घेऊन उभं राहायचं! शेवटी बाईंनी तोडगा काढला: हलक्या हाताने साफ करा. हलक्या हाताने म्हणजे नेमकं किती, ते कोण सांगणार?

शुक्रवार, ८ मार्च

चार कॅसेट झाल्या. कान अजून जागेवर आहेत.

बॅंडची नावं वाचता येत नाहीत, सगळ्यांच्या नावाची अक्षरं काट्याकुट्यांची. म्हणून मी आपली माझी नावं ठेवली. पहिली 'काटक्या'. पत्र्यावर गारा पडताहेत आणि लांब कुणाची तरी बोटं दारात सापडली आहेत, असं ऐकू येतं. पण तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्या गारांत एक साधी चाल सापडली. चार ओळींत मी तेच लिहिलं, की नवख्याने घाबरू नये, चाल शोधावी. दुसरी 'धुकं', हिच्यात पेटीसारखे लांब सूर आहेत, सुरुवात खरं तर हिच्यापासूनच करावी. तिसरी 'मशाल', आखूड, रागीट, ऑफिसातून चिडून आल्यावर ऐकायला बरी. चौथी 'भिंत'. एकेक गाणं इतकं लांब की मधे चहा करून यावा. पण काय सांगू, शेवटी शेवटी मी डोळे मिटून बसलो होतो. डॉक्टरला हे कळता कामा नये.

काम घरी आणलं होतं. ताईनेही 'मशाल' ऐकली. मला वाटलं शिव्या घालेल. तर म्हणते की हा माणूस रागावलेला नाही रे बाळ्या, कुणाला तरी हाक मारतोय आणि त्याला ओ कुणी देत नाही. मग म्हणाली की आता बंद कर, याच्यात मला तू कुठे आहेस ते कळत नाही.

सोमवार, ११ मार्च

पाचवी कॅसेट. हिला ना नाव, ना चित्र, नुसता काळा कागद. डॉक्टरने बजावलं की संचात ही शेवटी ठेवायची. इथवर जो पोचला तो नवखा राहिला नाही. आणि हिला तर हात अजिबात लावू नका, असंही वर.

ऐकली. चीड आली, दुसरा शब्द नाही. खरखर, खरखर आणि नुसती खरखर. तिच्या पलीकडे कुठेतरी ढोल, कुठेतरी किंकाळी. हे नवख्याला द्यायचं? पैसे घेऊन? मी बाईंना सांगितलं की ही मी साफ करणारच, नाहीतर माझं नाव छापू नका. त्यांनी शेंगदाणा तोंडात टाकला आणि करा म्हणाल्या.

आता आमची रीत लिहून ठेवतो, कारण आज तिथेच घोटाळा झाला. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना मी आधी मायक्रोफोनवर बोलतो, कॅसेट अमुक, बाजू तमुक. रेडिओची सवय, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही. मग जिथे नुसती खरखर आहे, गाणं नाही, अशी जागा शोधायची. तिथला ठसा यंत्राला द्यायचा आणि सांगायचं की हे जिथे जिथे सापडेल तिथून वजा कर. दर कॅसेटला सुरुवातीला अशी जागा असते. हिला नव्हती. पहिल्या क्षणापासून गाणं आणि खरखर गळ्यात गळा घालून. नुसती खरखर होती ती फक्त मी क्रमांक बोललो तेवढ्या जागेत, तीही माझ्या आवाजाखाली. दुपारभर शोधून वैतागलो आणि शेवटी दिला तोच तुकडा.

माझ्या बोलण्यासकट दिला. यंत्राने खरखर काढली आणि तिच्याबरोबर माझा आवाजही घाण समजून काढला. असली चूक नवशिका पोऱ्याही करत नाही. स्वतःवरच हसलो. उद्या पुन्हा करू.

मंगळवार, १२ मार्च

पुन्हा करण्याआधी म्हटलं, कालचं झालंय तरी काय ते ऐकावं.

खरखर गेली. पण ढोलही गेले, गिटारही गेली, किंकाळीही गेली. उरली एक खोली. रिकामी खोली ऐकू येते. ज्याने हे काम केलंय त्याला कळेल. त्या खोलीत कुणीतरी मायक्रोफोनला अगदी तोंड लावून श्वास घेतंय. बराच वेळ. मग तो श्वास थांबतो आणि माझ्या आवाजात म्हणतो, कॅसेट पाच, बाजू एक.

मी तो आवाज काढला होता. सुरुवातीची जागा पाहिली, तिथे तो खरंच नाही, कोरं आहे. आणि हे कॅसेटच्या अगदी शेवटी आहे, जिथे मी बोललोच नव्हतो.

यंत्राचा दोष असणार. सॉफ्टवेअर जुनं आहे, मी पहिल्या दिवशीच बोललो होतो, पण आमचं ऐकतो कोण. फाइल पुसून टाकली.

बुधवार, १३ मार्च

घसा बसलाय. सकाळी ताईला जिना उतरवताना दोनदा थांबून तिने विचारलं की इतक्या लांब का गेलास? मी दोन पायऱ्या पुढे होतो.

दुकानात तर कमालच. गिऱ्हाइकाला किंमत सांगितली, तो माझ्याकडे बघत तसाच उभा. पुन्हा सांगितली. तो मालकीणबाईंकडे गेला की तुमचा माणूस बोलत का नाही. बाईंना वाटलं, पाचव्या कॅसेटवरून मी तोंड फुगवून बसलोय. मी ओरडून सांगितलं की घसा बसलाय हो! त्यांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली. म्हणजे ऐकूच आलं नाही.

माझ्या कानाला माझा आवाज नीट येतोय. हेच तर चीड आणणारं आहे. मी बोलतोय, व्यवस्थित बोलतोय, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही.

गुरुवार, १४ मार्च

घशाच्या डॉक्टरकडे गेलो. कागदावर लिहून दिलं. त्याने नळी घालून पाहिलं. घसा स्वच्छ आहे, म्हणाला, सूज नाही, काही नाही. मानसिक ताण आहे का, असं विचारलं. ताण! आता तू दिलास की!

घरी येऊन दुकानाचा मायक्रोफोन लावून पाहिला. खुर्ची सरकवली, आवाज दाखवणारा काटा हलला. टाळी वाजवली, हलला. जीव खाऊन ओरडलो तर काटा जागचा हलेना.

ताईला हाताच्या तळव्यावर बोटाने अक्षरं काढून सांगितलं की आवाज गेलाय, येईल चार दिवसांत. डोळे होते तेव्हा ती पुष्कळ वाचायची, अक्षरं पटकन ओळखते. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली की गुळण्या कर आणि जरा गप्प बस, जन्मभर बडबडच केलीस. हसली. पण त्यानंतर ती खुर्चीतून उठली नाही. पाणी हवं होतं तरी उठली नाही. मी पाहत होतो.

शुक्रवार, १५ मार्च

संध्याकाळी घरी आलो तर ताई खुशीत. म्हणाली की दुपारी तुझा घसा छान मोकळा झाला होता की रे. दूध उतू चाललंय म्हणून तूच तर सांगितलंस. मग आपण गॅलरीत जाऊन बसलो. तू पुढे बोलत होतास, मी मागून आले.

दुपारी मी दुकानात होतो.

दूध खरंच उतू गेलं होतं, शेगडीवर डाग आहेत. गॅलरी तिच्याच खोलीला लागून आहे आणि तिचा कठडा माझ्या गुडघ्याच्या थोडा वर येतो. तिला तिथे मी एकटीला कधी जाऊ देत नाही.

तळव्यावर लिहिलं, तो मी नव्हतो. ती म्हणाली की पुरे कर चेष्टा.

शनिवार, १६ मार्च

दुकानात न जाता सरळ दातांच्या डॉक्टरकडे. एका पेशंटचा जबडा उघडा ठेवून तो माझा कागद वाचत उभा राहिला. पांढरा पडला. मला वाटलं होतं भांडेल, खरखर काढलीत म्हणून. भांडला नाही.

त्याला ठाऊक होतं ते एवढंच. ज्याने ही कॅसेट केली तो एकटाच माणूस होता, गाणं, ढोल, सगळं त्याचंच. आधी त्याने अगदी स्वच्छ रेकॉर्ड केलं होतं. मग वर्षभर बसून त्याच्यावर खरखरीचे थर चढवत गेला, थरावर थर, आणि कुणाला मूळ ऐकू दिलं नाही. तो अजून आहे. झाडांची रोपं विकतो. बोलत नाही. लोक म्हणतात की कलाकाराची लहर. डॉक्टरही आजवर तेच म्हणत होता, कॅसेट मिरवत होता. मी कागदावर लिहिलं, मग त्याचा आवाज गेला कुठे? डॉक्टर म्हणाला की मला वाटतं, तो त्यानेच आत पुरला होता. आणि आत जे होतं त्याला आता नवा मिळालाय.

आवाज नसलेल्या माणसाला शिव्याही देता येत नाहीत. मी त्याच्या खुर्चीला लाथ मारून निघालो. पेशंट भीतीने अर्धा मेला.

पण एक कळलं. खरखर म्हणजे अंगरखा नव्हता. झाकण होतं.

रविवार, १७ मार्च

रेडिओ रिकाम्या जागी लावला, जिथे कुठलंच केंद्र लागत नाही. नुसती खरखर, मोठ्याने, दोन्ही खोल्यांत भरेल अशी. सकाळपासून घरात माझा तो आवाज ऐकू आलेला नाही. म्हणजे उपाय आहे!

पण ताई. खरखरीत तिला भिंत कळत नाही, नळ कळत नाही, मी आत आलो की बाहेर गेलो ते कळत नाही. तिचे कान हेच तिचे डोळे, आणि मी त्यात माती टाकतोय. न्हाणीघराच्या चौकटीवर कपाळ आपटलं तिचं. केवढं टेंगूळ आलंय. तिने रडत विचारलं की कशासाठी छळतोयस रे, माझं काय चुकलं?

तळव्यावर लिहायला गेलो. तिने मूठ मिटून घेतली.

मी रेडिओ बंद केला. केला बंद. काय करू? तिचं रडणं ऐकवेना.

दहा मिनिटंही झाली नसतील. स्वयंपाकघरातून मी तिला हाक मारली. म्हणजे मी नाही. ताई, चहा घेतेस ना? अगदी माझ्यासारखं, ना मोठं करून म्हणतो मी, तसं. ती हसली, डोळे पुसले, उठली. मी झडप घालून रेडिओ लावला.

सोमवार, १८ मार्च

चूक केली. रेडिओ थोडा वेळ बंद करून तिला नीट सांगावं, म्हटलं. शेजारी बसलो, हात हातात घेतला. तिने दिला. मी लिहिलं, घरात दुसरं कुणी आहे, माझ्या आवाजात बोलतं, त्याचं ऐकू नकोस. ती माझ्याकडे सरकली. मला वाटलं, पटतंय. बोटं घट्ट धरली तिने माझी.

आणि दारातून माझा आवाज आला. ताई, आलो गं दुकानातून. कुणाशी बोलतेस?

तिचा हात माझ्या हातात गार पडला. तिने विचारलं की बाळ्या, तू तिथे आहेस, मग माझा हात कुणी धरलाय?

तो म्हणाला, ताई, हात सोडव. माझ्याकडे ये.

अशी किंचाळली ती. तशी किंकाळी मी कॅसेटवरही — नखं मारली मला, चेहऱ्यावर. मी सोडलं. काय करणार होतो? धावली त्याच्याकडे, माझ्या आवाजाकडे, भिंतीला आपटत. तो सांगत होता, उजवीकडे, उंबरा, सांभाळ. बरोबर सांगत होता. माझ्यासारखंच. आपल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

रेडिओ दाराला टेकवून लावलाय. रात्रभर इथेच बसणार.

मंगळवार, १९ मार्च, सकाळ

दातांच्या डॉक्टरला फोनवर मेसेज केलाय. खरखरीसकट ती पाचवी कॅसेट आणि मोठा स्पीकर घेऊन निघालाय. येतोय म्हणाला.

खालच्या काकू वर आल्या होत्या, आवाज कसला म्हणून. मी कागद पुढे केला. ताई आतून ओरडली की बाहेर चोर आहे, माझा भाऊ माझ्याजवळ आहे. काकूंनी माझा ओरखडलेला चेहरा पाहिला. पळाल्या. पोलीस येतील. येऊ देत, लवकर येऊ देत.

दार फोडता येईल. दोनदा धडक दिली. पण प्रत्येक धडकेला ती घाबरून मागे सरकते, पावलं ऐकू येतात. आणि मागे गॅलरी. म्हणून गप्प बसलोय. दाराला पाठ लावून लिहितोय. लिहिण्याखेरीज बोलणं उरलंय कुठे मला.

ताई. मी इथे आहे. दाराच्या बाहेरचा तो मी आहे. हे तुला वाचून कोण दाखवणार

— नंतर —

खरखर चालू आहे तोवर तो गप्प आहे. ती आत रडतेय. बंद करा हो, काही कळत नाही मला, कुठे काय आहे ते, म्हणते. मला अहो म्हणतेय. चोराला अहो म्हणतेय

डॉक्टर कुठे मेला

— ती भिंत चाचपडतेय. स्टूल ओढलं. कशासाठी — घराचा मेन स्विच तिच्याच खोलीत, वर — पहिल्या दिवशी मीच तिचा हात धरून — नाही, हात नाही, बोलून, बोलून दाखवला होता मी

नको ताई. नको

ओरडतोय मी. ओरडतोय, कुणालाच

खट्ट

रेडिओ बंद. सगळं बंद. शांत. तिचा श्वास ऐकू येतो — सुटकेचा — कसं बरं वाटलं तिला —

आणि तो. हळू. माझ्या आवाजात, प्रेमाने, मी बोलतो तसंच — ऊन पडलंय, ताई. चल बसू. सरळ ये. मी पुढे आहे. मोकळंच आहे सगळं

दार तोडतो आता

पावलं. ती म्हणतेय, थांब रे बाळ्या, आले मी, आले